ग्रेज इनच्या बेंचर मंडळींना साताऱ्याहून खुले पत्र

प्रति,
सन्माननीय बेंचर मंडळी आणि ग्रंथपाल,
ऑनरेबल सोसायटी ऑफ ग्रेज इन,
हॉलबर्न, लंडन

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्हा न्यायालयात वकिली करतो. आपल्या संस्थेचा मी सभासद नाही, विद्यार्थीही नव्हतो. पण आपल्या दप्तरात आमच्या माणसांची नावे आहेत आणि त्या नात्याने हे पत्र लिहीत आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. १९४७ पर्यंत ग्रेज इनमध्ये दाखल झालेल्या हिंदुस्थानी विद्यार्थ्यांच्या ज्या नोंदी आपल्याकडे शिल्लक असतील, प्रवेशाच्या, टर्म म्हणजे सत्रे भरल्याच्या, बारवर घेतल्याच्या म्हणजे बॅरिस्टरकीची सनद दिल्याच्या आणि न घेतल्याच्याही, त्या सगळ्यांच्या प्रती इंटरनेटवर कोणालाही, फी न भरता पाहता येतील अशा खुल्या कराव्यात. पत्राची इंग्रजी प्रत आपल्या ग्रंथालयाकडे वेगळी पाठवत आहे. मराठीत अशासाठी लिहितो की या मागणीला बळ मिळायचे ते इथल्या वाचकांकडूनच मिळणार, आणि ग्रेज इन म्हणजे नेमके काय, तिथे काय चालते, हे त्यांच्यापुढे आधी नीट मांडले पाहिजे.

साताऱ्यात राजवाड्याजवळ छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या नावाचे हायस्कूल आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे त्याची नोंद आहे: भिवा रामजी आंबेडकर. शाळेने ते रजिस्टर जपले. त्या एका ओळीच्या आधाराने महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ठरवले की ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यभरातल्या शाळा-महाविद्यालयांत ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा व्हावा. जुन्या दप्तरातले एक पान लोकांसमोर आले तर केवढे काम करते, हे आम्ही सातारकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

साताऱ्यातल्या शालेय दिवसांबद्दल बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. वर्गात इतर मुलांमध्ये बसायची मुभा नव्हती. बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा होता, तो रोज घरून आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला शिवत नसे. नळाला आपण हात लावायचा नाही. शिपाई नळ सोडणार, तेव्हा पाणी मिळणार. शिपाई नसला तर तहान तशीच सोसायची. रजिस्टरात यातले काही नाही, तिथे फक्त नाव आणि तारीख आहे. पण ती तारीख आणि या आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या काळचे सातारा समजते. ते पान पाहताना आम्हाला अभिमान वाटतो आणि शरमही वाटते, आणि दोन्ही वाटले पाहिजे असे माझे मत आहे.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १९१६ मध्ये, हेच नाव आपल्या संस्थेच्या प्रवेशनोंदीत दाखल झाले.

वाचकांसाठी थोडे सांगतो. लंडनमध्ये अशा चार संस्था आहेत: ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॅरिस्टर व्हायचे तर यांपैकी एकीचे सभासद व्हावेच लागते, कारण बारवर घेण्याचा अधिकार या चौघींनाच आहे. ही विद्यापीठे नव्हेत आणि न्यायालयेही नव्हेत. शतकानुशतके वकिलांनी एकत्र राहावे, जेवावे, वादविवादाचा सराव करावा, ज्येष्ठांनी कनिष्ठांना घडवावे, अशा रीतीने वाढलेले हे संघ आहेत. ज्येष्ठ सभासदांना बेंचर म्हणतात, आणि ग्रेज इनमध्ये त्यांच्या सभेला ‘पेन्शन’ असे नाव आहे. आपल्याकडे पेन्शन म्हटले की निवृत्तिवेतन आठवते. इथे तो कारभारी मंडळाचा अर्थ. या पेन्शनच्या इतिवृत्तांची वही १५६९ पासूनची शिल्लक आहे. फ्रान्सिस बेकन या संस्थेचा खजिनदार होता. तिची बाग त्याने आखली असे मानतात आणि साउथ स्क्वेअरमध्ये त्याचा पुतळा आहे. आजही तिथे तरुण वकिलांना शिष्यवृत्त्या मिळतात, युक्तिवादाचे प्रशिक्षण होते, अभिरूप न्यायालये भरतात, ‘ग्रेया’ नावाचे नियतकालिक निघते.

या साऱ्याच्या मध्यभागी ग्रंथालय आहे, आणि माझा विषय तोच आहे. या ग्रंथालयाचा पहिला उल्लेख १५५५ सालच्या एका मृत्युपत्रात सापडतो. रॉबर्ट चलोनर नावाच्या सभासदाने आपली काही कायद्याची पुस्तके इनला दिली आणि ती साखळ्यांनी बांधून ठेवण्यासाठी पैसेही ठेवले. पुस्तकाला साखळी घालायची ती ते कोणा एकाच्या घरी जाऊ नये, जो येईल त्याला तिथेच बसून वाचता यावे म्हणून. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या वकिलाचा हेतू मला फार मोलाचा वाटतो. या पत्रात मी जे मागतो आहे ते त्याच हेतूच्या पुढचे पाऊल आहे.

आजचे आपले ग्रंथालयही तो हेतू पाळते आहे, हे मी जाणतो. चारही इनच्या ग्रंथालयांनी विषय वाटून घेतले आहेत, म्हणजे एकच महागडा संग्रह चार ठिकाणी विकत घ्यावा लागू नये. न्यायालयांच्या सत्रात शनिवारी आळीपाळीने एक तरी ग्रंथालय उघडे राहील अशी त्यांनी व्यवस्था केली आहे. आमच्या तालुक्या-तालुक्यातल्या वकील संघांनी हे वाचावे म्हणून मुद्दाम लिहितो. शेजारच्या दोन तालुक्यांच्या बाररूममध्ये तीच ती निकालपत्रांची मासिके येतात आणि तिसऱ्या विषयाचे एकही पुस्तक कुठेच नसते, हे चित्र आपण बदलू शकतो. त्याला सरकारी अनुदान लागत नाही, दोन अध्यक्षांनी एकदा एकत्र बसावे लागते.

आता मूळ गोष्टीकडे येतो, म्हणजे जेवणाकडे.

त्या काळी बॅरिस्टर व्हायचे तर परीक्षा पास होणे पुरत नसे. बारा टर्म भराव्या लागत, म्हणजे साधारण तीन वर्षे. टर्म भरणे म्हणजे इनच्या भोजनगृहात जाऊन ठरावीक वेळा जेवणे: एका टर्मला सहा वेळा, आणि जो दुसऱ्या विद्यापीठाचाही विद्यार्थी असेल त्याला तीन वेळा. लांब बाकांवर चौघाचौघांचे गट बसत. कोण शेजारी येईल ते आधी ठरलेले नसे. असे जेवल्याशिवाय सनद नाही. आमच्या जुन्या बॅरिस्टरांच्या चरित्रांत या जेवणांची वर्णने गमतीने येतात: मांस खायचे की नाही, वाइनचे काय करायचे. सवर्ण घरातल्या मुलाला तिथे धर्म बुडण्याची भीती असे.

भीमराव आंबेडकरांसाठी त्या नियमाचा अर्थ काय झाला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. ज्याला शाळेच्या नळाला हात लावता येत नव्हता त्याला आता कायद्यानेच पंगतीत बसावे लागत होते. पंगतीत बसला नाही तर वकील होता येणार नाही, असा नियम. आमच्याकडे नियम बरोबर उलटा होता.

आणि हे काही एका सलग सुखाच्या प्रवासात घडले नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. आपली पुस्तके त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवली होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि सारा संग्रह समुद्रात गेला. बडोद्यात अधिकारी म्हणून रुजू झाले तर शिपाई फाइली लांबून टेबलावर टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीत नाव लपवून राहिले, तिथून लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथल्या काही सहकाऱ्यांनी त्यांच्या पाणी पिण्यावर हरकत घेतली. १९२० मध्ये पगारातून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले आणि ग्रेज इनच्या त्याच भोजनगृहात पुन्हा बसले. १९२२ मध्ये त्यांना बारवर घेण्यात आले. १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला सुरुवात झाली.

टर्म मोजल्याशिवाय बारवर घेता येत नव्हते, म्हणजे त्या टर्मची नोंद कोणीतरी ठेवली होती. कोणत्या वर्षी कोणती टर्म भरली, मध्ये कोणती चुकली, १९१७ ते १९२० ही खंडित वर्षे संस्थेने कशी धरली, फी कधी भरली, मुदत वाढवून मागितली असेल तर कोणत्या शब्दांत. चरित्रकारांना या गोष्टी किरकोळ वाटोत. मी दिवाणी वकील आहे, मला ठाऊक आहे की माणसाची ओढाताण भाषणांत दिसत नाही, ती पावत्यांत आणि मुदतीच्या अर्जांत दिसते. एका दलित विद्यार्थ्याने दोन खंडांत, कर्ज काढून ही सनद कशी मिळवली याचा खरा हिशेब तुमच्या कपाटांत असू शकतो. तो लातूर-नांदेडच्या वसतिगृहात आज अभ्यास करत असलेल्या मुला-मुलींनी पाहिला पाहिजे. संशोधकाने व्हिसा काढून यावे, परवानगी घ्यावी, मग पाहावे, एवढ्याने ते काम होत नाही.

त्या सनदेचे पुढे काय झाले, हेही आपल्या वाचकांनी जाणावे. महाडच्या चवदार तळ्यावर मार्च १९२७ मध्ये सत्याग्रह झाला. त्यानंतर काही सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा लावला. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, असे त्या अपिलाचे शीर्षक आहे. दिवाणी कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत दहा वर्षे तो दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी ब्रूमफील्ड यांनीच १९२२ मध्ये अहमदाबादला सत्र न्यायाधीश म्हणून गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. त्या शिक्षेमुळे इनर टेंपलने गांधीजींचे नाव आपल्या यादीतून काढले. हे धागे एकमेकांत असे गुंतलेले आहेत. एका इनचे कागद उघडले की इथल्या दहा प्रकरणांवर उजेड पडतो.

आता अवघड भाग. तो टाळून ही मागणी करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

आंबेडकरांच्या दहा वर्षे आधी, १९०६ मध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर ग्रेज इनमध्ये दाखल झाले. श्यामजी कृष्णवर्मांनी जाहीर केलेली शिष्यवृत्ती त्यांना लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने मिळाली होती. परीक्षा ते पास झाले. १९०९ मध्ये बेंचरांनी त्यांच्या राजकीय कामाची चौकशी केली आणि त्यांना बारवर घेतले नाही. मार्च १९१० मध्ये व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली आणि पुढचा इतिहास मराठी माणसाला पाठ आहे.

सावरकर आणि आंबेडकर या दोन नावांवरून महाराष्ट्रात किती वाद होतात, हे आपल्याला लंडनमध्ये बसून कदाचित जाणवणार नाही. मी त्या वादात इथे शिरत नाही. पण दोघेही आपल्या एकाच संस्थेचे विद्यार्थी होते. एकाच भोजनगृहात दहा वर्षांच्या अंतराने बसले. एकाला तुम्ही सनद दिली, एकाला नाकारली. नाकारताना आरोप कोणते ठेवले, पुरावा म्हणून काय पुढे आले, सावरकरांनी उत्तरात काय म्हटले, बेंचरांमध्ये एकमत होते की मतभेद, हे मूळ कागदांवरूनच कळेल. आज ते चरित्रांतून, भक्तांच्या आणि टीकाकारांच्या पुस्तकांतून, उताऱ्याच्या उताऱ्यातून आमच्यापर्यंत पोचते. वकिलाला उताऱ्याचा उतारा चालत नाही. आम्ही कोर्टात पहिल्या दिवसापासून एकच शिकतो: मूळ दस्त असताना तोंडी हकिगत ग्राह्य नाही.

इतर इननी आपले जुने निर्णय पुन्हा पाहिले आहेत. इनर टेंपलने गांधीजींचे नाव १९८८ मध्ये पुन्हा यादीत घेतले. श्यामजी कृष्णवर्मांचे नाव त्यांनी १९०९ मध्ये काढले होते, ते २०१५ मध्ये परत लावले. सावरकरांच्या बाबतीत तुम्ही असेच काही करावे, अशी मागणी या पत्रात नाही, आणि करू नये अशीही नाही. तो निर्णय बेंचरांचा. माझे मागणे त्याच्या आधीच्या पायरीचे आहे. कागद दाखवा. निर्णय योग्य होता असे तुम्हाला आजही वाटत असेल तरी दाखवा. शाळेच्या गोणपाटाची गोष्ट साताऱ्याने पुसली नाही, म्हणून आमच्या रजिस्टराला किंमत आहे.

यावर हरकती येऊ शकतात. पहिली खासगीपणाची. पण ज्यांच्या नोंदी मी मागतो आहे त्यांतले बहुतेक सारे आता हयात नाहीत, आणि १९०९ किंवा १९२२ च्या कागदाला शंभर वर्षे उलटून गेली आहेत. दुसरी हरकत अशी की या कागदांचा राजकीय वापर होईल. होईलच. कागद बंद राहिले म्हणून वापर थांबलेला नाही. अर्धवट माहितीवर तो जास्त जोरात चालू आहे. तिसरी हरकत खर्चाची, तिच्याबद्दल पुढे लिहितो.

एक हरकत मात्र मी तुमच्यापुढे उलट ठेवतो, आणि ती तुमच्याच इतिहासातली आहे. १९२९ मध्ये सर जॉन होल्कर यांच्या नावाने आपले नवे, प्रशस्त ग्रंथालय उघडले. बाराच वर्षे ते टिकले. मे १९४१ मधल्या बॉम्बहल्ल्यात इनचे भोजनगृह, चॅपेल आणि ग्रंथालय यांची राखरांगोळी झाली. पुस्तकसंग्रहाचा फार मोठा भाग गेला. दुर्मिळ हस्तलिखिते आधीच दुसरीकडे हलवली होती म्हणून वाचली. ज्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात आंबेडकरांनी दिवसचे दिवस काढले, तिथलीही अडीच लाखांच्या आसपास पुस्तके त्याच रात्री जळाली. पुढे राजे सहावे जॉर्ज यांनी आपल्या ग्रंथालयाला पुस्तके भेट दिली, उरलेला संग्रह बागेतल्या तात्पुरत्या इमारतीत ठेवून वाचन चालू राहिले, आणि सर एडवर्ड मॉफ यांच्या आराखड्यानुसार नवे ग्रंथालय १९५८ मध्ये उघडले. सतरा वर्षे लागली. ही चिकाटी वाचून मन भरून येते. पण छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळते, राजासुद्धा ती देऊ शकतो. हाताने लिहिलेल्या प्रवेशनोंदीची दुसरी प्रत कोण देणार? जे हलवले होते ते वाचले. आज हलवणे म्हणजे प्रत काढून दहा ठिकाणी ठेवणे.

हे काम नवे नाही. आपल्या प्रवेशनोंदींचे छापील रजिस्टर जोसेफ फॉस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध केले. त्यात १५२१ पासूनच्या नोंदी आहेत आणि ते १८८९ पाशी थांबते. म्हणजे बेकनच्या काळातला विद्यार्थी छापील पानावर सापडतो आणि सावरकर-आंबेडकर सापडत नाहीत, कारण ते त्यानंतर आले. हिंदुस्थानातून मुले मोठ्या संख्येने येऊ लागली ती त्याच सुमारास आणि त्यानंतर. इनर टेंपलने आपल्या जुन्या प्रवेशनोंदी नावाने शोधता येतील अशा इंटरनेटवर ठेवल्या आहेत, मिडल टेंपलनेही आपले रजिस्टर खुले केले आहे. शेजाऱ्यांनी वाट घालून दिली आहे. ग्रेज इनने हिंदुस्थानी विद्यार्थ्यांपासून सुरुवात केली तर तिचे वेगळेपणही राहील.

२०२१ मध्ये आपण इनमधल्या एका दालनाला डॉ. आंबेडकरांचे नाव दिले आणि तिथे त्यांचे तैलचित्र लावले. इथल्या लोकांना त्याचा किती आनंद झाला, हे आपल्याला मोजता येणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या विद्यार्थ्याची आठवण संस्थेने ठेवली, याबद्दल मनापासून आभार मानतो. त्या दालनाच्या बाबतीत दोन छोट्या विनंत्या आहेत. तिथे मराठीत लिहिलेले माहितीपत्रक ठेवा. आणि महिन्यातून एक दिवस तरी सभासद नसलेल्या माणसाला, आधी नाव नोंदवून, तिथे येऊ द्या. लंडनला मुलाकडे गेलेली नागपूरची किंवा औरंगाबादची आजी १०, किंग हेन्रीज रोड या घरी जातेच जाते. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन त्यांचे स्मारक केले. तिथे चप्पल बाहेर काढून आत जाणारी माणसे आपल्या दालनातही त्याच भावनेने येतील.

आता खर्चाचे. घर विकत घेणाऱ्या राज्याला काही वह्या स्कॅन करायचा खर्च जड नाही. महाराष्ट्र शासनाने आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने मिळून तो उचलावा, अशी विनंती मी याच पत्राने जाहीरपणे करतो. आपल्याकडून फक्त अंदाजपत्रक यावे. स्कॅन केलेल्या प्रतींचा एक संच मुंबई उच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात, एक मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात, जिथे बाबासाहेब १९३५ मध्ये प्राचार्य झाले, आणि एक त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात ठेवावा. मग पुन्हा कुठे आग लागली तरी नोंद जाणार नाही.

आम्ही फक्त मागत नाही. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेली मराठी नावे ओळखणे सोपे नसते. आडनाव आणि वडिलांचे नाव यांची उलटापालट झालेली असते, गावाच्या नावाचे स्पेलिंग भलतेच असते. कोणाचे गाव कोणते, कोणत्या संस्थानाने पैसे दिले, परत आल्यावर तो माणूस कुठल्या कोर्टात उभा राहिला, हे शोधायला इथले वकील, इतिहासाचे शिक्षक आणि ग्रंथपाल मदत करतील. कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत संस्थानांची दप्तरे आहेत, बरीचशी मोडी लिपीत. मोडी वाचणारी तरुण मुले-मुली आता चांगल्या संख्येने तयार झाली आहेत. तुमच्या नोंदीतले नाव आणि आमच्या दप्तरातला खर्चाचा कागद यांची जोड लागली, तर अशा कितीतरी विद्यार्थ्यांची माहिती पुढे येईल ज्यांची नावे आज त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नाहीत. त्यांतले काही परीक्षा न देताच परतले असतील, काही तिथेच आजारपणाने गेले असतील. मोठ्या माणसांच्या नोंदी कोणीतरी कधीतरी शोधतेच. या उरलेल्यांसाठी सगळी वही उघडावी लागते.

सुरुवात लहान करावी, असे सुचवतो. पहिल्या टप्प्यात १९०६ ते १९२२ एवढीच सतरा वर्षे घ्यावीत. प्रवेशनोंदी, बारवर घेतल्याच्या याद्या आणि १९०९ च्या चौकशीचे सगळे कागद त्यात यावेत. आपल्या ग्रंथपालांनी होकार आणि अंदाजपत्रक कळवले की बार कौन्सिलकडे आणि शासनाकडे पाठपुरावा करण्याची जबाबदारी माझी व माझ्या सहकाऱ्यांची. इंग्रजी प्रतीसोबत पत्ता आणि फोन नंबर दिला आहे. ज्या वकील संघांना या मागणीला पाठिंब्याचा ठराव करायचा असेल त्यांनी तो थेट ग्रेज इनच्या ग्रंथालयाकडे पाठवावा आणि एक प्रत महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला द्यावी.

आपला नम्र,
सातारा जिल्हा न्यायालयातील एक वकील